पहिला गिअर आणि आग्नेस वहिनींची पडवी

भंगारवाला हातगाडी घेऊन अंगणात उभा होता आणि अंतोन चर्चचे काळे बूट घालून जुन्या मोटरसायकलच्या किकवर पाय ठेवत होता. मी बाजूला पान्हा घेऊन. चर्चमधली रविवारची मिसा नुकतीच सुटलेली, त्यामुळे मरोळचं अर्धं गावठाण कुंपणाला लागलेलं. दारात अंतोनची बायको, आग्नेस वहिनी, हाताची घडी घालून.

"चालली नाही तर आजच जाईल हं," वहिनी म्हणाल्या. "भावजी, तुम्ही साक्षीदार."

बोली साधी होती. गाडीने अंगणातून निघून चर्चला वळसा घालून परत यायचं. आली तर राहील. नाही आली तर भंगारात, आणि पडवीत तिच्या जागी वहिनींचं शिलाई मशीन. वहिनींकडे ब्लाउजची इतकी कामं यायची की त्या स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून शिवायच्या. कपड्यांना माशांच्या कालवणाचा वास लागायचा, गिऱ्हाइकं कुरकुरायची. वहिनींचंही बरोबरच होतं.

गाडी म्हणजे जुनी जपानी साडेतीनशे. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून जळतं, म्हणून मागून निळा धूर. तेव्हा नव्या शंभर सीसी गाड्या आल्या होत्या आणि माझ्या गॅरेजात येणारा प्रत्येक जण आधी मायलेज विचारायचा. अंतोनने कधीच विचारलं नाही. तो फक्त म्हणायचा, "वश्या, पिकअप कसा पाहिजे माहितीये? पोट मागे राहिलं पाहिजे."

असं गिऱ्हाईक मिळालं की मलाही चढते. पिस्टनच्या रिंगा नव्या टाकल्या. सायलेन्सर कॉस्टिक सोड्यात बुडवून ठेवले, तर आतून इतका कार्बन निघाला की कोळशाची वखार उघडली असती. टाकीला लाल रंग. आणि शेवटी टायमिंग, म्हणजे प्लगने ठिणगी कधी टाकायची ती वेळ. अंतोनच्या पिकअपसाठी मी ती केसभर लवकरची ठेवली.

"मार," मी म्हटलं. "सगळं वजन टाक. अर्धी किक मारू नको."

"बूट नवे आहेत रे."

"बूट गेले खड्ड्यात. मार!"

मारली. अर्धीच. किकने त्याचा पाय उलटा फेकला, तो "आयला!" म्हणून ओरडला, आणि त्याच क्षणी इंजिन धडधडलं. निळा धूर, तो आवाज, अहाहा! मी तर टाळ्याच पिटल्या. अंतोनने छाती काढून बायकोकडे बघितलं, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

आणि गाडी मागे गेली.

सरळ मागे! अंतोनचं तोंड चर्चकडे, गाडी घराकडे. पडवीतून उतरवायला लावलेल्या फळीवरून सुळकन वर चढली, नेमकी तिच्या जुन्या जागेवर जाऊन भिंतीला टेकली आणि बंद पडली. वहिनी ओरडत बाजूला झाल्या म्हणून वाचल्या.

आधी कुंपणावरचं एक पोर हसलं, आणि मग अख्खं गावठाण. भंगारवाला हातगाडीचा दांडा धरून खाली बसला. मला तर उभंच राहवेना.

"भावजी," वहिनींनी विचारलं, "हिला रिव्हर्स गिअर आहे?"

"मोटरसायकलला नसतो वहिनी."

"मग मी आत्ता काय बघितलं?"

मी डोळे पुसत सांगितलं. टू-स्ट्रोकला व्हॉल्व नसतात, त्यामुळे इंजिन उलटं फिरलं तरी चालतं, आवाजही तोच. किक अर्धी पडली आणि ठिणगी लवकर आली, की पिस्टन वर पोचायच्या आत खाली ढकलला जातो आणि सगळं चक्र उलटं फिरायला लागतं. मग पहिला गिअर तुम्हाला मागे नेतो.

"म्हणजे बिघडलेली नाही?"

"छे! झकास आहे. फक्त दिशा चुकली."

अंतोन पडवीतून ओरडला, "गाडी चालली ना? चालली म्हणजे चालली!"

"चर्चला वळसा ठरला होता," वहिनी म्हणाल्या. पण तोंडावर पदर होता आणि खांदे हलत होते. "काढा बाहेर. आणि मी मागे बसणार. हा अर्ध्यातून परत येऊन सांगेल, जाऊन आलो."

टायमिंग केसभर मागे घेतलं. अंतोनला बूट काढायला लावले. अनवाणी त्याने अशी किक मारली की कुंपणावरचे कावळे उडाले. वहिनी मागे बसल्या, पदर खोचला, आणि गाडी सुटली. या वेळी पुढे! वळणावर वहिनींची किंकाळी ऐकू आली. नंतर नुसता धूर.

चर्चचा वळसा म्हणजे पाच मिनिटांचं काम. ती दोघं येईनात. नव्या रिंगा जाम झाल्या की काय?

"सेठ, मैं रुकू या जाऊ?" भंगारवाल्याने तिसऱ्यांदा विचारलं.

चहाची दुसरी फेरी झाली तेव्हा आवाज आला. वहिनींचा अंबाडा सुटलेला, केस झिंजारलेले, गाल लाल. पार पवई तलावापर्यंत जाऊन आल्या होत्या.

"मी म्हणत होतो वळू या," अंतोन म्हणाला. "ही म्हणते, अजून ओढ."

वहिनी उतरल्या. आवाज ठणठणीत. भंगारवाल्याला म्हणाल्या, "चला आत. लोखंडी खाट आहे, ती न्या. तिच्या जागी मशीन बसेल."

"आणि मी कुठे झोपू?" अंतोनने विचारलं.

"पडवीत. गाडीशेजारी."

पुढे कितीतरी वर्षं गॅरेज चालवलं. टू-स्ट्रोकची चावी हातात देताना प्रत्येकाला एवढंच सांगायचो: किक पूर्ण मारा, आणि बायकोला मागे बसवण्याआधी एक चटई घेऊन ठेवा.