गजांमागून

आमच्या घरासमोरच नगरपालिकेची शाळा आहे. मी तिथंच शिकलो. माझी मुलगी ओवी मात्र रोज व्हॅनमध्ये कोंबून घेऊन गावाबाहेरच्या इंग्रजी शाळेत जाते.

सकाळी व्हॅन दारात उभी राहते, कारण शेजारच्या चिन्मयचे बूट कधीच वेळेवर सापडत नाहीत. तोवर ओवी व्हॅनच्या खिडकीच्या गजांना नाक लावून समोरच्या मैदानाकडे बघत बसते. तिथं तिची मैत्रीण सायली लंगडी खेळत असते.

"बाबा, मला सायलीच्या शाळेत घाल ना," ती काल पुन्हा म्हणाली.

मी लगेच विरघळलो. स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणालो, "अगं, मीही तिथंच शिकलो. माझं काय वाईट झालं?"

भाजी परतता परतता ती म्हणाली, "परवा कुणाचा तरी इंग्रजीतून फोन आला, तेव्हा तो माझ्या हातात कुणी कोंबला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मराठीतही नव्हतं. पुढच्या वर्षीची शाळा तिथल्या तिथं ठरली. पण रात्रभर वाटत राहिलं, समोरच्या शाळेत असताना मला कशाची भीती वाटत नव्हती. ती मी नंतर शिकलो, आणि आता त्या भीतीलाच इस्त्रीचा गणवेश घालून रोज व्हॅनमध्ये बसवतो.

आज सकाळी चहा घेऊन मी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत उभा राहिलो. ओवीनं गजांतून वर पाहिलं. मी ग्रिलमधून हात बाहेर काढून हलवला. तिनं मला नीट निरखलं आणि ओरडून विचारलं, "बाबा, तुझी व्हॅन कधी निघणार?"