नाक न टेकवणारी गाडी

माझा नवरा डॅरल टकवेल एकोणतीस वर्षं ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ गावच्या मोटार कारखान्यात गाड्यांना दारं बसवत होता. कारखाना बंद पडला, पण डॅरलचे हात काही स्वस्थ बसेनात. घरची निळी होल्डन गाडी उघडून त्याने स्प्रिंगांच्या जागी हवेचे फुगे घातले. आता बटण दाबलं की फुस्स करून हवा जाते आणि गाडी पोट टेकून खाली बसते. साठी उलटलेल्या माणसाला यात काय सुख मिळतं, ते मला विचारू नका. मी विचारून दमले.

मागची बाजू छान बसायची. पुढची मात्र चार वर्षांपासून चार बोटं वरच अडकायची. पुढचं काम नेव्हिलचं. नेव्हिल त्याच कारखान्यातला वेल्डर, डॅरलचा जिवलग. दर रविवारी सकाळी येऊन तो गाडीखाली शिरायचा आणि दुपारी माझ्या हातचं भाजलेलं मटण आणि बटाटे हाणून म्हणायचा, "फुगे थकलेत, ग्लेन." नवे फुगे आणले. मग व्हॉल्व्ह थकले. मग नळ्या. माझे तर टेबलावरचं कापड धुता धुता हात थकले, कारण नेव्हिल ग्रीसचे हात कधी धड धुवायचा नाही.

गेल्या शनिवारी तो झोपेतच गेला. शुक्रवारी दफन ठरलं. अशा खाली बसणाऱ्या गाड्यांच्या आमच्या क्लबची एक रीत आहे. सभासद गेला की सगळ्यांनी दफनभूमीच्या रस्त्यावर गाड्या लावायच्या, आणि शवपेटी समोरून जाताना बटण दाबून गाडीचं नाक जमिनीला टेकवायचं. सगळ्यांची नाकं टेकणार आणि जिवलग मित्राचीच गाडी ताठ उभी राहणार! डॅरलने हाय खाल्ली.

रविवारपासून त्याने सगळं उपसलं. नवे व्हॉल्व्ह घातले. बॉनेटवर सिमेंटच्या दोन गोण्या ठेवल्या. शेवटी मलाच वर बसवलं.

"जरा जोरात बस," म्हणाला.

"बासष्ट वर्षांची आहे मी! अरे, नेव्हिलने खाली काय केलंय ते तरी बघ."

"सोबत्याच्या कामाखाली टॉर्च घेऊन शिरायचं नसतं."

"तो मेलाय, डॅरल!"

"म्हणूनच. जिवंतपणी तपासलं नाही, आता तपासू?"

हे कारखान्यातलं खूळ. तिथे तपासायला वेगळा माणूस असायचा. शेजारच्याच्या कामावर तुम्ही बोट ठेवलंत, तर तो जन्मभर तुमच्याशी बोलायचा नाही. कारखाना गेला, खूळ राहिलं.

बुधवारी डॅरल नळी आणायला बाहेर पडला. गाडी स्टँडवर उचलून ठेवलेली होतीच. मी जमिनीवर पुठ्ठा पसरला, दुखरा गुडघा सांभाळत, शिव्या देत आत सरकले आणि टॉर्च लावला. पुढच्या दोन्ही बाजूंना चार बोटं उंचीचा लोखंडाचा एकेक ठोकळा वेल्ड केलेला, वर रबर चिकटवलेलं. गाडी त्यावर येऊन अडत होती. चार वर्षांपूर्वी गाडी फार खाली म्हणून पोलिसांनी रस्त्यावर आणायला बंदीचं पिवळं स्टिकर लावलं होतं. तपासणीत पास व्हावी म्हणून नेव्हिलने हे बसवले असणार. पास झाल्यावर ग्राइंडरने दहा मिनिटांत निघाले असते. पण तो विसरला म्हणावं, तर ठोकळ्यांवरचा रंग ताजा होता. रबरही नवं होतं. स्टिकर लागलं त्याच हिवाळ्यात नेव्हिलची बायको वारली, हे मला तिथे, पाठीवर पडल्या पडल्या आठवलं.

डॅरल आला तशी मी खालूनच ओरडले, "सोबतीबिबती गेली खड्ड्यात, आधी आत ये!"

तो शेजारी सरकला. टॉर्च घेऊन त्याने दोन्ही ठोकळ्यांवर फिरवला.

"बदमाश," म्हणाला. "चार वर्षं गंडवलं मला." मग नव्या रबरावरून अंगठा फिरवत म्हणाला, "रविवारी जेवायला येत जा, एवढं साधं आपण का नाही म्हटलं गं?"

मी कधी नेव्हिलला बोलावलंच नव्हतं. आलाय म्हणून वाढायचे, आणि वाढताना ग्रीसवरून बोलायचे.

मी बाहेर येऊन ग्राइंडर त्याच्या हातात दिला. "काप."

"नाही."

"अरे दहा मिनिटांचं काम आहे! चार दिवस माझं डोकं खाल्लंस ते कशासाठी?"

"त्याला नको होतं ते निघायला," डॅरल म्हणाला आणि ग्राइंडर फडताळात ठेवून आला. या माणसापुढे डोकं फोडून घ्यावं की त्याला जवळ घ्यावं, मला कळेना.

शुक्रवारी शवपेटी आली आणि चौदा गाड्या फुस्स करत नाक टेकवून बसल्या. आमची मागून बसली आणि पुढून चार बोटं वर, नाक आभाळाकडे. "डॅरल, बटण दाब की!" कुणीतरी ओरडलं. डॅरल बटणावर अंगठा दाबून रडत होता.

नंतर नेव्हिलची बहीण भेटली. ती दूरच्या व्हायअला गावाहून आली होती, भावाचं घर आवरायला एकटीच महिनाभर राहणार होती.

"तुमची तेवढी झुकली नाही," ती म्हणाली.

"तुमच्या भावानेच तशी केलीय," मी म्हणाले. "रविवारी आमच्याकडे जेवायला या. काम काही नाही. नुसत्या या."