ना-हरकत

नाना दांडगे कुठलाही कागद खालून वर वाचायचे. आधी सही, मग शिक्का, मग तारीख आणि अगदी शेवटी, जिवावर आल्यासारखा, मजकूर. लग्नाची पत्रिकासुद्धा ते 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' या ओळीपासून सुरू करत आणि नवरानवरीच्या नावांपर्यंत पोचेस्तोवर त्यांचा रस संपलेला असे. "मजकूर कुणीबी लिवतो, ताई," असं ते मला बजावायचे, "खाली सही कोण करतंय ते बघावं." तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. आडनाव दांडगे, पण अंगकाठी अशी की वारा सुटला की माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांना गच्चीवर जाऊ देत नसत.

आम्ही हर्सूलला समोरासमोर राहायचो. हर्सूलला राहते म्हटलं की लोकांना आधी तुरुंग आठवतो, मग तलाव, आणि मग आपण. मी कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवते, हा माझा गुन्हा. सरकारी कामं ऑनलाइन झाल्यापासून नाना बरोबर माझ्या चहाच्या वेळेला कागदांची पिशवी घेऊन हजर. "ताई, जरा तुमच्या यंत्रात बघा." ते जरा कधीच जरा नसायचं. मी वैतागायचे, तोंडावर बोलूनही दाखवायचे, आणि ते शांतपणे माझ्याच कपातला अर्धा चहा बशीत ओतून घ्यायचे.

विद्यापीठ जवळ, म्हणून वरची खोली ते विद्यार्थ्यांना भाड्यानं देत. आमच्या गल्लीत परदेशी विद्यार्थ्याला खोली द्यायला कुणी धजत नसे. माणसाची भीती नव्हती, कागदांची होती. घरात परदेशी पाहुणा उतरला की पोलिसांना कळवा, फॉर्म भरा, करारनामा जोडा, घरमालकाचं पत्र द्या. नानांना हे ऐकूनच तरतरी आली. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे कागदच उरले नव्हते. म्हणून येमेनहून औषधनिर्माणशास्त्रात पीएचडी करायला आलेला आदिल त्यांच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्यांनी आधी त्याचा पासपोर्ट मागितला, शेवटच्या पानापासून पुढं चाळला, आणि भाडं सांगायच्या आधी विचारलं, "आदिल म्हंजे अदालतीतला का?"

आदिलला तेव्हा मोडकंतोडकं हिंदी येत होतं. पण अदालत कळली. मग नानांनी तारीख म्हटलं, तेही कळलं. वकील, मुदत, शर्त, हक्क, कबूल. निजामाच्या वेळची दप्तरं चाळून चाळून नानांच्या तोंडात असले शब्द पक्के बसलेले, आणि ते सगळे आदिलच्या घरचे निघाले. रोज सकाळी पायरीवर बसून दोघं एकेक शब्द काढायचे, दुसऱ्याच्या भाषेत तो शब्द काय करतो ते विचारायचे. सहा महिन्यांत पोरगा लई, व्हय, नाय करू लागला. "याला मराठी शिकवाया लागत नाय, ताई," नाना म्हणायचे. "नुस्ती आठवण करून द्याया लागती."

आदिलच्या पहिल्या मुदतवाढीला पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागाला द्यायचं पत्र नानांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. वळणदार अक्षर, समास सोडलेला, आणि खाली 'सदर इसमाच्या वास्तव्यास माझी ना-हरकत आहे.' आदिलनं तो शब्द वाचला आणि हसू लागला. म्हणाला, "नाना, आमच्याकडं हरकत म्हंजे हालचाल. हलणं. ना-हरकत म्हंजे हलू नको." नानांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "मंग बरोबरच लिवलं की मी," ते म्हणाले. हा विनोद त्यांनी पुढं गल्लीत निदान पन्नास जणांना सांगितला. मला चार वेळा.

त्या पत्रात एक खरी चूक मात्र होती आणि ती फक्त नानाच करू शकत होते. 'सदर इसम माझे कुळ आहे' असं त्यांनी लिहिलं होतं. आयुष्यभर जमिनीचीच प्रकरणं पाहिलेली. दुसऱ्याच्या जागेत राहणारा माणूस म्हटलं की भाडेकरू हा शब्द त्यांच्या हातून उतरतच नव्हता. विभागातल्या बाई तरुण होत्या, पण शेतकऱ्याच्या घरच्या असाव्यात. त्यांनी पत्र वाचून विचारलं, "आजोबा, कुळ लिहिलंय तुम्ही. उद्या कुळकायद्यानं खोली याच्या नावावर झाली म्हंजे?" मी नानांच्या सोबत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नानांनी निमूट पत्र परत घेतलं, कुळ खोडलं, वर भाडेकरू लिहिलं आणि खाडाखोडीशेजारी रीतसर छोटी सही केली. घरी येईपर्यंत रिक्षात ते मांडीवर बोटानं भाडेकरू गिरवत होते. माणूस चुकल्याचं दुःख नव्हतं, कागद खराब झाल्याचं होतं.

पण त्या शब्दानं त्यांचा पिच्छा सोडला नाही. व्हिसाचे सगळे प्रकार ते त्याच हिशोबानं समजून घ्यायचे आणि गल्लीतल्या परदेशी जाऊ पाहणाऱ्या पोरांनाही तसेच समजावायचे. विद्यार्थी व्हिसा म्हणजे एका हंगामापुरती कसायला दिलेली जमीन, पीक निघालं की रान मोकळं करायचं. शिक्षण झाल्यावर काही देश नोकरी शोधायला वर्ष-दीड वर्ष देतात, ते म्हणजे बांधावर बसायची परवानगी. नोकरीचा व्हिसा म्हणजे वर्षावर्षाचा खंड. आणि कायमचं राहायला मिळालं की कुळ लागलं. "मालकी नसती, पर कुणी उठ म्हनत नाय," असं सांगून ते थांबायचे. जर्मनीला निघालेल्या एका पोरीला हे इतकं पटलं की तिनं ते मुलाखतीच्या तयारीच्या वहीत लिहून घेतलं. पुढं काय झालं मला ठाऊक नाही.

आदिलचा प्रबंध पुरा झाला, तोंडी परीक्षा झाली, माईंनी पुरणपोळ्या केल्या, आणि त्याच आठवड्यात नाना पिशवी घेऊन माझ्याकडे आले. बशी मागितली नाही, तेव्हाच मी ओळखलं. आदिलच्या परवान्याची मुदत अडीच महिन्यांनी संपत होती. शिक्षण संपलं म्हणजे देश सोडायचा. आणि त्याच्या गावात तर लढाई चालू होती. आई आणि भाऊ कैरोला निघून गेलेले, घराची भिंत उरली होती की नाही हेही त्याला कुणी सांगत नव्हतं. आमच्याकडे बांधावर बसायची सोय नव्हती.

मी दोन संध्याकाळ नियम वाचले. आदिलचे काही मित्र दुसऱ्या एखाद्या अभ्यासक्रमाला नाव घालून आणखी दोन वर्षं काढत. मी तेच सुचवलं. नाना भडकले. डॉक्टर झालेल्या पोरानं परत पहिलीत बसायचं का, म्हणाले. "खोटं पीक दाखवून रान राखायचं नाय. त्यो कागद टिकत नसतो." राहिला नोकरीचा व्हिसा. त्याला पगाराची मोठी अट. नुकत्याच शिकून निघालेल्या पोराला एवढा पगार आमच्याकडे कोण देणार? मात्र त्या अटीतून काही जणांना सूट होती. मी वाचून दाखवलं: परक्या देशाचं जेवण करणारा आचारी, परकी भाषा शिकवणारा शिक्षक, दुभाषा.

नाना आचाऱ्यावरच अडकले. त्यांच्या ओळखीत एकाचं हॉटेल होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आदिलला माईंच्या ओट्यापुढं उभं केलं आणि त्याच्या देशातला तो मटणाचा भात करायला लावला. आदिलला पाच वर्षं माईंनी भाकरी खाऊ घातलेली. त्याला चहासुद्धा धड येत नव्हता. भात खाली करपला, वर कच्चा राहिला, आणि मधे जे काही होतं त्याला नाव नव्हतं. माईंनी एक घास तोंडात घातला आणि पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. आदिलही हसला. मग मला म्हणाला, "ताई, मला कुठं जायचं नाय." इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा हे बोलला होता. नाना पातेलं घासत होते, त्यांनी मान वर केली नाही.

त्याच सुमाराला माईंचा भाचा आला. वाळूजला एका औषध कंपनीत पॅकिंगला होता. नानांच्या गुडघेदुखीसाठी गोळ्या घेऊन आला होता. खोक्यात घडी घातलेला माहितीचा कागद, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला अरबी, कारण तो माल आखातातही जायचा. नानांनी सवयीनं तो कागद उलटा धरला आणि खालून वाचायला गेले, तर अरबी. आदिलच्या हातात दिला. आदिल वाचता वाचता थबकला. इंग्रजीत गोळी जेवणानंतर घ्या होतं, आणि अरबीत जेवणाआधी.

नाना उठून उभे राहिले. दुखऱ्या गुडघ्यासकट. "तर्जुमा चुकला," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर असं तेज आलं की जणू तहसील कचेरीची किल्ली परत मिळाली. आदिल त्याच दुपारी त्या कंपनीला अर्ज लिहायला बसला. आपण किती शिकलो, किती निबंध छापून आले, याची त्यानं दोन पानं भरली. नानांनी ती बाजूला ठेवली. त्यांचं म्हणणं, अर्जात एकच गोष्ट पाहिजे. "आपली हुशारी सांगू नको. त्यांची चूक दाखव, आन् ती कशी दुरुस्त करायची ते लिव. मंग खाली सही." अर्ज एक पानी झाला. मी टाइप केला, भाच्यानं वाळूजला साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. आठ दिवसांनी बोलावणं आलं. औषधं कळणारा दुभाषा त्यांना दोन वर्षं मिळत नव्हता.

नोकरी मिळाली, पण नवा व्हिसा बाहेरून घेऊन यायला सांगितलं. म्हणजे एकदा हलावंच लागणार होतं. आदिल कैरोला भावाकडे जाणार, तिथून अर्ज करणार, आणि होकार आला तर परत. जाताना त्यानं खोलीचं सामान बांधून ठेवलं, दुसरा भाडेकरू आला तर अडचण नको म्हणून. तो गेला त्याच दिवशी नानांनी वर जाऊन सामान सोडलं आणि पुस्तकं परत फळीवर लावली. पुढचे तीन महिने खोली विचारायला माणसं आली की ते गेटवरूनच सांगत, "कुळ गावाला गेलंय. येईल." मी एकदा म्हटलंही, नाना, नकार आला तर? ते माझ्यावर चिडले. सही झालेली नसताना मजकुराचा विचार करू नये, म्हणाले. पण त्या महिन्यांत ते पायरीवर एकटेच बसायचे आणि मी मुद्दाम चहाचे दोन कप करायला लागले.

आदिल आला तो खजुराची पिशवी घेऊन, रिक्षातून, भर दुपारी. नानांनी आधी पासपोर्ट मागितला. मागच्या पानापासून सुरुवात केली, नवा शिक्का सापडला, तारीख बघितली, मुदत बघितली आणि मग आदिलकडे बघितलं. "वाळला रं तू," एवढंच बोलले.

त्यानंतर तीन वर्षं तो वाळूजच्या बसनं जायचा-यायचा. दर वर्षी मुदतवाढ, दर वर्षी नानांचं पत्र. या देशात कुळ लागायला फार वर्षं लागतात हे नानांना माहीत होतं, तरी पत्र लिहायला बसले की ते सण असल्यासारखे बसायचे. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी, दुपारच्या झोपेतच ते गेले. आजार नाही, दवाखाना नाही. हातात वर्तमानपत्र होतं, शेवटचं पान वर. खांदा द्यायला मुलगा पुण्याहून पोचला, आणि आदिल होताच.

मुलगा चांगला आहे. त्यानं माईंना पुण्याला चला म्हटलं, घर बंद करू म्हटलं. माई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. आणि त्यातच आदिलची मुदतवाढ आली. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात नानांचं मागच्या वर्षीचं पत्र होतं. हे चालणार नाही, घर आता माईंच्या नावावर, पत्र त्यांचं लागेल, असं मी त्याला सांगितलं. माईंना अर्ज-बिर्ज कधी करावे लागले नव्हते. मी आदिलला आणि एक कोरा कागद घेऊन त्यांच्याकडे गेले आणि काय लिहू विचारलं.

"त्यांनी लिवलं तेच लिव," माई म्हणाल्या.

मी नानांचा मजकूर तसाच उतरवला आणि वाचून दाखवला. शेवटच्या ओळीशी त्यांनी मला थांबवलं. इतकी वर्षं तो शब्द घरात ऐकला होता, पण विनोद काय होता ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी आदिलला विचारलं, ना-हरकत म्हंजे काय रं तुमच्यात?

आदिल खाली बघत म्हणाला, "हलू नको."

माईंनी डोळ्यांना चष्मा लावला आणि माझ्या हातातून पेन घेतलं. "मंग दे," त्या म्हणाल्या, "सही कुठं करू ते दाखव."