आईची दहा बोटे

विज्ञानाने माणसामाणसांतले अंतर पुसून टाकले आहे. आमच्या आरोग्याच्या अ‍ॅपवर पहिल्याच पानावर तसे लिहिले आहे. त्याखाली 'कृपया नेटवर्क तपासा' असेही लिहिले आहे.

मी पुण्याला निघालो तेव्हा कुंभकोणम स्टेशनवर आईने दहीभाताचा डबा खिडकीतून आत दिला आणि म्हणाली, "तेथें सगळे मराठीच, कण्णा. तुला परकें वाटायचें नाही." ज्या मुलखातून पूर्वज तंजावरकडे गेले, तिथेच मी नोकरीसाठी निघालो होतो. पुण्यात माझे मराठी ऐकून लोक आजही आदराने विचारतात, तुम्ही मूळचे कुठले?

वडील गेल्यावर आईला बोलावले. "तेथची कॉफी पिऊन मी वांचेन कां?" म्हणाली. मग मी अ‍ॅप आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पाठवला.

गेल्या आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, तिला ताप आला, खोकला थांबेना. पडद्यावर आम्ही तिघे: आई, तंजावरचे डॉक्टर आणि मी. हात पदराआड ठेवून, खाली डोकावत आईने आकडा वाचला. "एटी फोर, सार."

डॉक्टरांनी पुन्हा बघायला सांगितले. "एटी थ्री."

"लगेच दाखल करावं लागेल."

दुसऱ्या फोनवर मी अ‍ॅम्ब्युलन्सला पत्ता सांगू लागलो. वडिलांना याच रस्त्याने तंजावरला नेले होते. परत आणले ते वेगळ्या गाडीतून.

"अम्मा, नखं कॅमेऱ्यासमोर धरा," डॉक्टर म्हणाले. "निळी पडलीत का बघू."

आई हलली नाही. तिने डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे पाहिले. "तूं फोन ठेव. मग दाखवतें."

"आई, हात!"

हात वर आले. दाही बोटांच्या टोकांना टोपडी घातल्यासारखी मरुदाणी, म्हणजे आमच्याकडची मेंदी, रंगून जवळजवळ काळी झालेली. विधवेने ती लावायची नसते, हे आमच्या घरात कुणी सांगत नाही. सगळ्यांना ठाऊक असते.

"शेजारच्या मीनाक्षीनें वाटली होती," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "उरली. टाकायची कां?"

"मेंदीवर यंत्र चुकू शकतं," डॉक्टर म्हणाले. "पायाच्या बोटाला लावा, अम्मा."

ती वाकली आणि चित्र गोठले. पडद्यावर नुसता तिचा पांढरा भांग. एका कानात अ‍ॅम्ब्युलन्सवाला विचारत होता, "सार, येऊ की नको?" "एक मिनिट धरा," मी म्हणालो.

मग आवाज आला. "नाइंटी सेवन."

डॉक्टरांनी औषध सांगितले, सकाळी जवळच्या दवाखान्यात छाती तपासून घ्यायला बजावले आणि ते गेले. आम्ही दोघेच उरलो.

"छान रंगलीय," मी म्हणालो.

"थट्टा करतोस?"

"नाही गं."

माझे घर आता फोनच्या त्या चौकटीत मावते, असे मी धरून चाललो होतो. तिचे हात तेवढे चौकटीबाहेर असत.

हल्ली अ‍ॅपवर तिची रोजची नोंद येते. 'कुठे मोजले?' या प्रश्नाखाली पायाच्या बोटाचा पर्याय नाही. आई 'इतर' निवडते.