वगारीच्या पोटातला कापूस

आंदणाची म्हैस म्हणजे काय, ते खालच्या गावातल्या बायांले सांगून कळत नाई. आमा गवळ्यांत बाप लेकीले सासरी धाडतानी म्हैस देते. दूध सासरच्या घरचं, पण तूप लेकीचं. त्या तुपातून तिनं बांगड्या भराव्या, लुगडं घ्यावं, नाई त भाच्याले झबलं शिवावं, कोणी विचारत नाई. माह्या बापानं मले गाभण म्हैस दिली होती. घाट चढतानी ती माह्या मागं मागं चालत आली, अन् मी रडत होती त माह्या पाठीले नाक घासत होती. सासरी माही पहिली ओळख तिच्याशी, नवऱ्याशी मंग. अशी म्हैस कोणी विकतो म्हणे, त मी काय हाताची घडी घालून बसणार होती?

आमची वस्ती गाविलगडाच्या डोंगरात, मोर्शीच्या वरच्या अंगाले. दहा-बारा झोपड्या, मधात गोठे, अन् भोवताल काट्यांचं कुंपण, कारण बिबट्याले आमच्या ढोरांची चव ठाऊक. खाली नाला, नाल्यापल्याड कोरकूंचा ढाणा, म्हणजे त्यांची वस्ती. ते आमाले मध, चारोळी, मोहफुलं द्यायचे, आमी त्यांले ताक अन् तूप. दिवाळी झाली का तिखाडीचं गवत पुरुषभर उंच अन् पिवळं व्हायचं. म्हशी त्यातून चालल्या का सारा डोंगर वासानं भरून जायचा, अन् घरी आल्यावर त्यांच्या अंगालेही तोच वास. मले ते दिवस लय आवडायचे. आताही आवडतात, फक्त घाट चढवत नाई.

कड्यावर उभं राहून खाली पाहिलं त सारा मुलूख पांढरा दिसे. तो कापूस. कुठंतरी दर्यापल्याड लढाई लागली होती म्हणे, तिकडचा कापूस बंद झाला, म्हणून आमच्या वऱ्हाडच्या कापसाले सोन्याचं मोल आलं होतं. लढाई त्यांची, अन् येडे झाले इकडचे. ज्वारी मोडून कापूस, अंगणात कापूस, एकानं त म्हणे तुळशीच्या ओट्याभोवतीही लावला. कोणी गाडीच्या चाकाले चांदीची धाव बसवली, असंही बाजारातून ऐकू यायचं. मी काई ती पाहिली नाई. पण आमचे मामाजी, म्हणजे माहा सासरा, असं काई ऐकून आले का दोन दिवस त्यांचं जेवणात ध्यान नसे. डोंगरातल्या माणसानंच काहून मागं राहावं, हे त्यांच्या पोटात होतं.

त्या वर्षी कार्तिकात माह्या म्हशीची वगार, म्हणजे मादी रेडकू, हगवण लागून गेली. पहिल्या वेताची वगार, काळीभोर, कान मोठे. म्हैस दोन दिवस ओरडली, मंग मुकी झाली अन् पान्हा चोरून बसली. कास भरलेली, पण सडाले हात लावला का लाथ. अन् त्यातच मामाजी बाजारातून आले अन् ओट्यावर बसून सांगतलं, का मोर्शीच्या एका कापसाच्या दलालाले शब्द देऊन आलो. त्याले घरी म्हैस पाहिजे. खाली नेऊन सरकी चारली का ही दूध देईल, असं त्याचं म्हणणं. पुढचा बाजार झाला का दुसऱ्या दिवशी तो वर येईल अन् घेऊन जाईल.

सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नाई. म्हणून मी म्हशीशी बोलली, पण साऱ्या वस्तीले ऐकू जाईल इतक्या जोरात. ‘बाई वो, तुले माह्या बापानं मले दिलं. मंग तुले विकणारे हे कोण?’

मामाजीही म्हशीलेच बोलले. ‘दूध देशील त राहशील, नाई देशील त जाशील. गवळ्याच्या दारात असं ढोर शोभत नाई.’

म्हैस बिचारी दोघायकडं आळीपाळीनं पाहून राहिली होती.

आता पान्हा चोरणाऱ्या म्हशीवर आमच्यात एक उपाय असते. मेलेल्या वगारीचं कातडं सोडवायचं, मीठ अन् राख चोळून वाळवायचं, त्यात वाळलं गवत भरायचं, बांबूचे पाय लावायचे, अन् धार काढतानी ती वगार म्हशीपुढं उभी करायची. म्हैस मिठापायी चाटते, चाटता चाटता फसते अन् पान्हा सोडते. ढाण्यातला एक कोरकू म्हातारा कातडं तयार करून देऊन गेला. गवत भरायचं तेवढं राहिलं होतं. अन् तिथंच माही अक्कल चरायले गेली.

झालं असं, का माहा नवरा नुकताच खालून कापूस वेचून आला होता. वेचणीची मजुरी तिकडं कापसातच देतात. गाठोडंभर कापूस पाठीवर घेऊन तो घाट चढला होता, आमच्या दोघायच्या गादीसाठी, कारण डोंगरातली थंडी मी त्या साली पहिल्यांदा पाहणार होती. मले वाटलं, गवत टोचते, कडक असते, म्हैस काय इतकी खुळी हाय का? मऊ भरलं त खरी वगार वाटेल. नवऱ्याले विचारलं, तो डोकं खाजवत म्हणे, ‘गादीचं काय मंग?’ मी म्हटलं, गादी पुढच्या साली, म्हैस पुढच्या साली येते का? तो हसला अन् गाठोडं सोडून दिलं. माहा नवरा मोठा गुणाचा, एवढं सांगून ठेवते.

आत्याबाईंनी, म्हणजे सासूनं, स्वतः सुई धरली. मामाजींची खोड मोडायची त्यांले भारी हौस. आमी दोघी हसत हसत सारा कापूस सरकीसकट कोंबला. सरकी आधी काढून घ्यायची असते, हे खालच्या शेंबड्या पोरालेही माहीत, पण आमच्या डोंगरात कोणाले? वगार अशी टम्म फुगली, का जिवंतपणी तिच्या नशिबी तेवढं बाळसं आलं नव्हतं.

मामाजींनी पाहिलं अन् त्यांचा चेहरा उतरला. ‘जगात लोकं कापसासाठी लढाया करून राहिले, अन् आमच्या घरात तो ढोराच्या पोटात. काढा तो.’

आत्याबाई सुई केसात खोचत म्हणाल्या, ‘काढा ना. कातडं फाटलं त धारेच्या वेळी म्हशीपुढं तुमीच उभे राहा, तुमालेच चाटेल.’

मामाजी चिलीम घेऊन बाहेर गेले.

पण म्हैस काई माहं ऐकेना. वगार पुढं ठेवली, तिनं एकदा हुंगलं अन् तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तेच. कापसाले न गवताचा वास, न डोंगराचा. तिच्या ओळखीचं त्यात काईच नव्हतं. मी मीठ जास्त लावलं, ती मीठ तेवढं चाटून घ्यायची अन् लाथ मारायची. मामाजी ओट्यावरून म्हशीले सांगत, ‘नीट पाहून घे बाई डोंगर, आता थोडेच दिवस.’ माह्या अंगाची अशी लाही व्हायची, का चूल फुंकायचीही गरज पडू नये.

म्हशीले वास नाई आला, पण दुसऱ्या कोणाले आला होता. ते आमाले कोणालेच ठाऊक नव्हतं.

बाजाराचा दिवस उजाडला. उद्या दलाल येणार. मी चरवी घेऊन बसली खरी, पण मनात काई उरलं नव्हतं. म्हैस सवयीनं वगारीची कूस चाटत होती. अन् ती कूस हालली. मले वाटलं, डोळ्यात पाणी हाय म्हणून तसं दिसून राहिलं. पण म्हशीचे कान उभे झाले. तिनं पुन्हा चाटलं, अन् वगारीच्या पोटात पुन्हा वळवळ झाली, या बाजूनं त्या बाजूले. म्हशीनं घशातून हुंकार दिला, वगार मेल्यापासून मी तो ऐकला नव्हता. अन् माह्या हातात सड भरून आले. दूध सुटलं, दोन्ही मुठीत मावेना. चरवी भरली, मी ओरडून घागर मागितली. इतका आनंद मले माह्या लग्नातही झाला नव्हता, खोटं कशाले सांगू.

घागर घेऊन आलेल्या आत्याबाईंनी ती हालणारी वगार पाहिली, घागर तिथंच टाकली अन् ‘परत आली वो, वगार परत आली’ म्हणत धूम ठोकली. मामाजी धावत आले. डोक्यावरचं पागोटं काढून त्यांनी वगारीले हात जोडले, पार कमरेत वाकून. तेवढ्यात वगारीच्या शेपटाखालच्या शिवणीतून एक इवलंसं नाक बाहेर आलं, मिशा हालवल्या, मामाजींकडं पाहिलं, अन् आत गेलं.

उंदीर. सरकीच्या वासानं आले होते, अन् थंडीच्या दिवसात मऊ कापसाचं घर मिळालं म्हणून संसार मांडून बसले होते. माहा नवरा हसून हसून गोठ्याच्या खांबाले टेकला. मामाजी जोडलेले हात सोडायचेच विसरले होते. मंग त्यांनी गपचूप पागोटं घातलं, अन् पहिलं काम काय केलं, त घरातली मांजर पकडून नवऱ्याच्या काखेत दिली अन् म्हणाले, ‘जा, ढाण्यात देऊन ये.’ दुपारी मी पाहिलं, त ते वगारीच्या शिवणीपाशी ज्वारीचे दाणे टाकून राहिले होते. मले पाहून खोकले अन् दुसरीकडंच पाहू लागले. सांजेले सारा ढाणा उंदराची वगार पाहायले आला. म्हशीनं पुन्हा चरवी भरून दिली, अन् लोकांनी वगारीभोवती फेर धरून ढोलकी वाजवली. मी कोणालेच दूध प्यायल्याबिगर जाऊ दिलं नाई.

पण शब्द त शब्दच होता. दुसऱ्या दिवशी दलाल आला, नवा लाल पटका, करकर वाजणारे जोडे, सोबत दावं धरलेला गडी. दारात भरलेली चरवी पाहून त्याचे डोळे चमकले. म्हणाला, ‘आटली म्हणत होते ना? ही त दूध देऊन राहिली. मंग त लयच बरं झालं. तुमी शब्दाचे पक्के, मले ठाऊक हाय.’

मी म्हशीच्या गळ्याले धरून उभी होती. दूध दिलं तरी जाणारच, हे मले कळून चुकलं. गवळ्याचा शब्द खोटा झाला त उद्या त्याचं तूप कोणी घेत नाई. मामाजी उठले. हळूहळू गोठ्यात आले. मी डोळे मिटले.

दावं सुटलं ते माह्या म्हशीचं नव्हतं. मामाजींची स्वतःची म्हैस होती एक, कपाळावर पांढरा चट्टा असलेली, साऱ्या वस्तीत उंच. तिची माय बिबट्यानं नेली तवा मामाजींनी तिले बोटानं दूध पाजून वाढवलं होतं. रानात त्यांनी शीळ घातली का ती कुठूनही निघून यायची. तिचं दावं सोडून त्यांनी दलालाच्या हातात दिलं.

दलाल म्हणाला, ‘ही? बोलणं त त्या म्हशीचं झालं होतं.’

मामाजी म्हणाले, ‘ती म्हैस माही नाई. माह्या सुनेची हाय. दुसऱ्याच्या वस्तूवर मी शब्द देऊन बसलो, ते माहं चुकलं. चूक माही, म्हणून म्हैसही माही जाईल. न्या.’

दलालाले त त्याहून चांगलं ढोर मिळालं, तो कशाले नाई म्हणतो. म्हैस वळणापर्यंत मागं पाहत गेली. मामाजी कड्याकडं तोंड करून उभे होते. त्यांनी शीळ घातली नाई, घातली असती त ती दावं तोडून आली असती. आत्याबाईंले त्या दिवशी थट्टा सुचली नाई.

सकाळी मी धार काढून राहिली होती. वगारीच्या पोटात उंदरांचा धुमाकूळ चालू होता अन् म्हैस खुशीत चाटत होती. मामाजी गोठ्याच्या दारात आले, लोटा घेऊन. आत नाई आले. दूध त घरचंच होतं, त्यांचा हक्क होता, पण ते म्हणाले, ‘सूनबाई, घोटभर देशील का मले, तुह्या म्हशीचं?’

मी लोटा काठोकाठ भरला. मंग तोंड वर करून त्यांच्याशी बोलली, ‘मामाजी, पुढच्या वेतात वगार झाली त ती तुमची.’

त्यांनी लोटा तोंडाले लावला, अन् दूध संपलं तरी लय वेळ खाली घेतला नाई.