थोरांच्या सवयी

आयटीत नोकरी लागल्यापासून प्रबोध गायकवाडच्या डोक्यात मोठं व्हायचं खूळ शिरलं होतं. विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये थोरांच्या चरित्रांनी कपाट भरलं आणि बायकोचं, कल्याणीचं, डोकं उठलं. कारण थोरांनी काय केलं ते सोडून हा त्यांच्या सवयीच तेवढ्या उचलायचा. एका शास्त्रज्ञापायी त्यानं चहा सोडला, एका उद्योगपतीपायी सगळे शर्ट राखाडी घेतले. कुठला तरी सेनापती म्हणे उभ्यानं जेवायचा, तर हाही महिनाभर ओट्याशी उभा राहून जेवला. कल्याणी तिथंच वाढत राहिली.

लग्नाआधी हाच माणूस विहारात जयंतीच्या गाण्यांना अशी ढोलकी वाजवायचा, की अख्खी वस्ती डोलायची. कल्याणी भाळली ती त्या हातांवर. पण एकाही चरित्रात ढोलकी सापडेना, तेव्हा यानं ती भाच्याला देऊन टाकली.

मग कंपनीनं या साहेबांना 'स्वतःला ओळखा' शिबिराला धाडलं. तिथून आणलेलं जाडजूड पुस्तक घेऊन रविवारी तो खिडकीत बसला. समोरच्या विहारात जयंतीच्या गाण्यांची तालीम चालली होती आणि नव्या ढोलकीवाल्याचा ठेका सारखा चुकत होता. थोड्या वेळानं प्रबोधनं वैतागून मान वर केली.

"अगं, मी इथं स्वतःचा शोध घेतोय. घरात हे टकटक कोण करतंय?"

कल्याणीनं नुसतं पुस्तकाकडे बोट दाखवलं. तिकडे चुकत होता तोच ठेका त्याची बोटं पुठ्ठ्यावर बिनचूक वाजवत होती.

"तुम्हीच. पण पुस्तकात लिहिलेलं नाही ना, मग ओळखणार कसं?"