काकूंच्या रांगोळीचा वेग

तीन माणसं दर रविवारी एकाच टेबलाभोवती बसली, की काम थोडं सरकतं आणि किस्से मात्र साचत जातात. आमचं टेबल लाखनीत, निवृत्त शिक्षक वासुदेव सरांच्या घरी. सुरेश हायवेवर टीव्ही दुरुस्त करतो. मी नागपूरच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर घरून लिहितो.

टेबलावर सरांचा जुना होम कॉम्प्युटर. टीव्हीला जोडायचा, प्रोग्राम कॅसेटवरून भरायचा. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्यावर एक प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावर ठिपक्याठिपक्यानं रांगोळी निघायची. काकू गेल्या, मग मशीनचा प्रोसेसर गेला, आता टेपही झिजत चाललेली. सुरेशनं मागं जोडायचा नवा प्रोसेसर बोर्ड बनवला, त्याचं सॉफ्टवेअर माझ्याकडे. टेप संपायच्या आत रांगोळी वाचवायची, बस!

*

पहिल्या दिवशी सरांनी काकूंचं नाव टाइप करायला घेतलं. जुना कीबोर्ड सावकाश, नवा प्रोसेसर उतावळा. पहिलंच अक्षर ओळभर उमटलं. मी ओशाळून पुसायला गेलो.

"राहू दे," सर म्हणाले.

*

शेजारचे एकजण येऊन म्हणाले, "मोबाइलवर अर्ध्या तासात होते हे. एवढं कायले करून राहिले?"

सर शांतपणे म्हणाले, "मोबाइल तिनं पाहिलाच नाही, बाबू."

*

टेप वाजायला लागली की सर अंगणात जाऊन उभे राहायचे. झिजलेल्या टेपची ती किरकिर त्यांना ऐकवत नसे. कितीदा मधेच एरर यायची, आणि बाहेर जाऊन सांगायचं कोणी, यावर आमची बाचाबाची. एका रविवारी प्रोग्राम पूर्ण भरला, बोर्डच्या मेमरी कार्डवर सेव्ह झाला. सुरेशनं हाक मारली. सर आले, ते आधी केस विंचरून.

*

मी प्रोग्राम सुरू केला. डोळ्याचं पातं लवायच्या आत अख्खी रांगोळी पडद्यावर! आम्ही दोघं खूश. सरांचा चेहरा उतरला.

"तिले येवढी घाई कधीच नव्हती," ते म्हणाले.

मला फार वाईट वाटलं.

*

वेग कमी करणं सोपं. पण किती? सर म्हणाले, काकू प्रोग्राम सुरू करायच्या, तेव्हा ते चहा ठेवायला जायचे, आणि चहा घेऊन आले की शेवटचा ठिपका पडत असायचा. मग काय, दर रविवारी ते चहा ठेवणार, मी दोन ठिपक्यांमधला वेळ वाढवणार. कधी रांगोळी आधी, कधी चहा आधी.

परवा पडदा नीट दिसावा म्हणून मी खुर्चीतून उठून सुरेशजवळ उभा होतो. सर ट्रे घेऊन दारात आले आणि शेवटचा ठिपका पडला. मग पुढं येऊन त्यांनी एक कप कीबोर्डजवळ, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला.

"घे, गरम आहे," ते म्हणाले.

आमचे कप अजून ट्रेमध्येच होते.